फोनच्या अंतर्गत मेमरीत लिनक्स बसवताना

पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन हातात आल्यानंतर जवळजवळ आठ महिने मी त्याच्या अंतर्गत मेमरीला हात लावला नव्हता. मायक्रोएसडी कार्डावर पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स कार्यप्रणालीची इमेज, म्हणजे सगळी प्रणाली एकत्र असलेली तयार फाइल, लिहायची, ते कार्ड खाचेत सरकवायचे, फोन सुरू करायचा आणि मन भरले की ते काढून दुसऱ्या कार्यप्रणालीचे कार्ड घालायचे, असा माझा क्रम होता. फोनच्या पोटात कारखान्यातूनच आलेली मांजारो ही दुसरी लिनक्स प्रणाली होती; ती त्या सगळ्या काळात एकदाही जागी झाली नाही. कुणी विचारले असते तर मी याला सावधपणा म्हटले असते. प्रत्यक्षात मी घाबरत होते, आणि घाबरत होते तेही भलत्याच गोष्टीला.

पुढे पाइनफोनच्या अंतर्गत मेमरीत लिनक्स बसवले आणि त्या धीरावर वर्षभराने वनप्लस ६ या जुन्या अँड्रॉइड फोनवरही तेच केले. दोन्ही वेळा जे शिकले ते असे, की फोनची अंतर्गत मेमरी हे लहानमोठ्या कप्प्यांचे कपाट असते. त्यातला सगळ्यांत मोठा कप्पा, ज्यात कार्यप्रणाली आणि आपली माहिती राहते, तो कितीही वेळा पुसून पुन्हा भरता येतो. ज्यांना खरोखर जपायला हवे ते कप्पे काही मेगाबाइटांचे असतात आणि सहसा कुणाच्या नजरेलाही पडत नाहीत. ते कुठे आहेत हे एकदा समजले की बाकीच्या जागेवर बिनधास्त लिहिता येते. मी हे शोधण्याआधी नुसतीच धास्तावले होते.

पाइनफोनपासून सुरुवात करते, कारण हा फोन या कामासाठी जितका मोकळा आहे तितका दुसरा कुठलाही माझ्या पाहण्यात नाही. पाइन६४चा हा फोन ऑलविनर ए६४ या चिपवर चालतो. माझ्याकडे ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी अंतर्गत मेमरीची आवृत्ती आहे. पहिल्या फोनांत हेच आकडे २ आणि १६ होते. फोन सुरू होताना ए६४ चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम सर्वांत आधी जागा होतो आणि बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, कुठे सापडतो ते ठरलेल्या क्रमाने पाहतो. त्या क्रमात कार्डाचा नंबर अंतर्गत मेमरीच्या आधी लागतो. कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइट अंतरावर त्याला बूटलोडर सापडला तर फोन कार्डावरून सुरू होतो. नाही सापडला तरच तो आत वळतो. याचा अर्थ असा, की अंतर्गत मेमरीत कितीही कचरा लिहिला गेला तरी एक धड कार्ड घालून फोन पुन्हा उभा करता येतो. चिपमध्ये कोरलेला तो प्रोग्रॅम पुसणे आपल्या हातात नसते, आणि म्हणून हा क्रम बिघडवणेही हातात नसते.

एवढ्यावरही भागले नाही, म्हणजे कार्डही नाही आणि आतही काही नाही, तर ही चिप फेल नावाच्या अवस्थेत जाते आणि यूएसबीवरून संगणकाची वाट पाहत बसते. तिथून संगणक थेट तिच्या रॅममध्ये बूटलोडर चढवू शकतो. नाव फेल असले तरी फोनला नापास होऊ न देणारी हीच अवस्था आहे. या साऱ्याची माहिती मला आठ महिने आधी झाली असती तर माझी दोन कार्डे वाचली असती.

कार्डे वाया गेली हे मी अंतर्गत मेमरीकडे वळण्याचे पहिले कारण. मेमरी कार्ड हे मुळात कॅमेऱ्यातली मोठी चित्रे आणि चित्रफिती सलग साठवण्याच्या बेताने बनवलेले असते. कार्यप्रणालीची रीत उलटी असते: इथे चार किलोबाइट, तिथे आठ किलोबाइट, नोंदवहीत एक ओळ, डेटाबेसमध्ये एक बदल, असे बारीकसारीक लेखन ती दिवसभर करत राहते. माझे एक कार्ड या माऱ्याने एके दिवशी फक्त वाचण्यापुरते उरले, आणि दुसरे तर संगणकाला दिसेनासेच झाले. दुसरे कारण वेगाचे. पाइनफोनची कार्डाची खाच चार तारांवर आणि सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट या मर्यादेत चालते; कार्ड कितीही महागाचे घेतले तरी ही मर्यादा वाढत नाही. ईएमएमसी, म्हणजे अंतर्गत मेमरीची चिप, आठ तारांवर जोडलेली आहे आणि तिचा वेग याच्या काही पट आहे. ए६४ ही मुळातच संथ चिप आहे, त्यात कार्डाची भर पडली की फायरफॉक्स उघडेपर्यंत आपण ते कशासाठी उघडले हे विसरायला होते. तिसरे कारण साधे होते: खाच मोकळी झाली की कार्डाचा उपयोग कार्डासारखा करता येतो.

आत नेमके काय बसवायचे, यावर मात्र मी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. डेबियनवर आधारलेली मोबियन, यूबीपोर्ट्सची उबुंटू टच, मांजारो आणि पोस्टमार्केटओएस अशी चार कार्डे माझ्याकडे फिरत होती. उबुंटू टचचा इतिहास तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कॅनॉनिकलने २०१३ साली तिची घोषणा केली, २०१७ साली ती सोडून दिली आणि त्यानंतर स्वयंसेवकांनी ती उचलून आजवर चालवली. स्पर्शाने चालवायला चौघींत तीच सर्वांत सुबक वाटली. मी निवडली ती पोस्टमार्केटओएस, आणि त्यामागे तिचा आकार होता. २०१७ साली सुरू झालेला हा प्रकल्प अल्पाइन लिनक्सवर उभा आहे, त्यामुळे मूळ प्रणाली अगदी सडपातळ राहते. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे हे या प्रकल्पाने पहिल्या दिवसापासून सांगितलेले उद्दिष्ट आहे. पडद्यावर दिसणारी मांडणी म्हणून फॉश घेतला, जो मुळात लिब्रेम ५ या फोनसाठी प्युरिझमने तयार केला होता.

अंतर्गत मेमरीत लिहिण्याचे तीन रस्ते आहेत. पहिला जंपड्राइव्हचा. ही एक लहानशी इमेज असते, ती कार्डावर लिहून फोन त्या कार्डावरून सुरू करायचा आणि यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा. मग फोनची अंतर्गत मेमरी संगणकाला एखाद्या पेनड्राइव्हसारखी दिसू लागते. दुसरा रस्ता टो-बूट या बूटलोडरचा. तो एकदा ईएमएमसीच्या स्वतंत्र बूट विभागात बसवला की आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरत फोन सुरू करायचा, दिवा निळा झाला की कार्डाशिवायच जंपड्राइव्हचे काम होते. तिसरा रस्ता पोस्टमार्केटओएसच्या स्वतःच्या इन्स्टॉलरचा: तो कार्डावरून चालतो, फोनच्या पडद्यावरच परवलीचा शब्द विचारतो, संपूर्ण मेमरी कूटबद्ध करायची का ते विचारतो आणि आतली मांडणी करून टाकतो. आज कुणी मला विचारले तर मी हा तिसरा रस्ता सांगेन, कारण कूटबद्धता नंतर चढवणे हा फार कटकटीचा उद्योग आहे. मी स्वतः पहिल्यांदा जंपड्राइव्हने गेले, कारण मला आधी जुन्या मेमरीची जशीच्या तशी प्रत हवी होती.

ती प्रत घेणे हे त्या दिवशी मी केलेले सगळ्यांत शहाणपणाचे काम. मेमरी संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसत असल्यामुळे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत ती एका फाइलीत उतरवता येते. ३२ जीबीची मेमरी संगणक २९ च्या आसपास दाखवतो, कारण विकणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या पायरीवर डिस्क ओळखायला तोच उपयोगी पडतो. मांजारोने भरलेली जागा थोडी होती, उरलेली जवळजवळ रिकामीच होती, त्यामुळे दाबल्यावर फाइल बरीच लहान झाली.

लिहिण्यासाठी मी डीडी वापरते. या आज्ञेला जाणकार थट्टेने डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात, आणि ते नाव तिने कमावलेले आहे, कारण ती एकदाही विचारत नाही, तुम्ही सांगितलेल्या डिस्कवर सांगितलेले लिहून मोकळी होते. त्या वेळी माझ्या संगणकाला कुटुंबाच्या छायाचित्रांची बाहेरची डिस्कही जोडलेली होती. म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे: फोन जोडण्याआधी डिस्कांची यादी पाहायची, फोन जोडल्यावर पुन्हा पाहायची, जी नव्याने आली तीच फोनची, आणि तिचा आकार अपेक्षेइतका आहे का हे ताडून मगच पुढे जायचे. छायाचित्रांची डिस्क आधी काढून ठेवणे हा याहून सोपा उपाय आहे हे मला अर्थातच नंतर सुचले.

इमेज उतरवल्यावर ती तंतोतंत उतरली का हे कळण्यासाठी तिचा शा-२५६ आकडा जुळवून पाहिला, ती सोडवून डीडीच्या स्वाधीन केली, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा फारच लवकर काम झाल्याचा संदेश आला. मी खुशीत केबल काढली. फोन सुरू केला तर दिवा लागला, पडदा क्षणभर उजळला आणि काळा पडला. बटण धरून बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच.

झाले असे होते की डीडीने आपले काम संगणकाच्या रॅममध्ये पुरे केले होते. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये गोळा करतो आणि मग सवडीने डिस्ककडे पाठवतो. माझ्या संगणकात रॅम भरपूर असल्यामुळे इमेजचा बराच मोठा भाग तिथेच बसला आणि आज्ञेच्या दृष्टीने लेखन संपले. प्रत्यक्ष केबलमधून तो मजकूर फोनकडे जाऊ लागला असतानाच मी केबल उपटली. बूटलोडर इमेजच्या सुरुवातीलाच असतो, म्हणून तो पोहोचला होता आणि दिवा लागत होता. मागची फाइल व्यवस्था अर्धवट राहिली होती. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढा ही सूचना आपण इतकी वर्षे दुर्लक्षित करत आलो, तिची वसुली अशी होते.

पाइनफोनमध्ये हेडफोनच्या खाचेतून बूटचा सगळा मजकूर वाचण्याची सोय आहे. मागच्या झाकणाखाली सहा बारीक खटके असतात, मॉडेम, वायफाय, मायक्रोफोन, दोन कॅमेरे आणि हेडफोन यांचे. त्यातला हेडफोनचा खटका बंद केला की तीच खाच सिरियल पोर्ट होते. ती विशिष्ट केबल माझ्याकडे नसल्यामुळे मला तर्कावरच राहावे लागले. पण त्याने बिघडले काहीच नाही. जंपड्राइव्हचे कार्ड पुन्हा घातले, अंतर्गत मेमरी पुन्हा पेनड्राइव्हसारखी दिसू लागली, इमेज पुन्हा लिहिली, या वेळी शेवटी सिंक ही आज्ञा दिली आणि ती परत येईपर्यंत केबलला हात लावला नाही. आठ महिने ज्या प्रसंगाला मी घाबरत होते तो घडून गेला होता, आणि निस्तरायला अर्धा तासही लागला नव्हता.

पहिल्या सुरुवातीला प्रणाली आपला कप्पा ताणून उरलेली सगळी जागा ताब्यात घेते. तयार इमेजमध्ये पिन १४७१४७ असते, ती पहिल्याच मिनिटात बदलायला हवी, कारण ती जगजाहीर आहे. माझ्या प्रणालीत देवनागरी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसत होत्या. नोटोचे देवनागरी फाँट घातल्यावर संदेश वाचता येऊ लागले. एवढे झाल्यावर मी सिमकार्ड घालून एक कॉल केला, आणि तो लागला तेव्हा मला आश्चर्यच वाटले, कारण सारी मेमरी पुसल्यावर फोनची ओळख कशी उरली हे मला कळेना.

याचे उत्तर मला या विषयात सर्वांत मोलाचे वाटते. पाइनफोनचा मॉडेम, क्वेक्टेल ईजी२५-जी, हा फोनच्या पाटीवर बसवलेला एक वेगळा संगणकच आहे. त्याची स्वतःची मेमरी आहे, त्यात स्वतःचे लिनक्स चालते, आणि मुख्य चिप त्याच्याशी अंतर्गत यूएसबीवरून बोलते. फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक आणि रेडिओची मोजमापे त्या मॉडेमच्या पोटात राहतात. ईएमएमसी संपूर्ण कोरी केली तरी त्यांना धक्का लागत नाही. म्हणजे जपण्यासारखे जे होते ते ईएमएमसीत नव्हतेच. मी एका रिकाम्या तिजोरीवर पहारा देत होते.

वनप्लस ६ची गोष्ट इथून वेगळी होते. २०१८ सालच्या या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन ८४५ चिप आहे, आणि मूळ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, या चिपला इतका चांगला आधार मिळाला आहे की पोस्टमार्केटओएस वापरणाऱ्यांत हा फोन लोकप्रिय आहे. पाइनफोननंतर तो वापरताना बैलगाडीतून उतरून मोटारीत बसल्यासारखे वाटते. पण इथे कार्डाची खाचच नाही. जे काही करायचे ते आतल्या यूएफएस मेमरीतच, आणि या मेमरीत सगळेच आहे: बूटलोडरचे टप्पे, मॉडेमचा प्रोग्रॅम, त्याची मोजमापे, अँड्रॉइड, आपली माहिती. लिनक्सला ती मेमरी सहा स्वतंत्र डिस्कांसारखी दिसते आणि त्यांवरची पार्टिशने, म्हणजे कप्पे, डझनांनी मोजावी लागतात.

आधी कुलूप. अँड्रॉइड फोनचा बूटलोडर फक्त उत्पादकाची सही असलेली प्रणालीच सुरू करतो. दुसरे काही चालवायचे तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंगला परवानगी द्यावी लागते आणि मग फास्टबूटमधून, म्हणजे संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देता येतात त्या अवस्थेतून, कुलूप काढावे लागते. त्या क्षणी फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. पुष्कळांना हा जाच वाटतो, मला तो पटतो: असे नसते तर चोराने फोन उचलावा, कुलूप काढावे, आपली प्रणाली घालावी आणि आतले वाचायचा प्रयत्न करावा, इतके सोपे झाले असते. जाच म्हणावा तो वेगळाच आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या फोनसाठी मला त्या कंपनीच्या संगणकप्रणालीवर खाते काढून, स्वतःच्याच फोनचे कुलूप काढण्याची परवानगी मागून सात दिवस थांबावे लागले होते, आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची सूचना आली. तो फोन अजून अँड्रॉइडवरच आहे.

कुलूप निघाल्यावर लगेच काही फ्लॅश न करता, म्हणजे मेमरीत काही न लिहिता, मी टीडब्ल्यूआरपी ही रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीसाठीची छोटी प्रणाली, फक्त रॅममध्ये चढवून फोन सुरू केला आणि पार्टिशनांची यादी वाचत बसले. मॉडेमएसटी१, मॉडेमएसटी२ आणि एफएसजी ही तीन नावे क्वालकॉम चिपच्या फोनवर काम करणाऱ्याने पाठ करावीत अशी आहेत. मॉडेमची या एका फोनपुरती जुळवलेली मोजमापे आणि त्याची ओळख त्यांत असते. चौथे पर्सिस्ट, ज्यात संवेदकांची मोजमापे असतात. हे चार कप्पे मिळून मेमरीचा नगण्य भाग व्यापतात, पण ते गेले तर फोन सुरू होतो, पडदा लागतो, वायफायही कदाचित चालते, आणि नेटवर्क मात्र कायमचे हरवते. दुसऱ्या फोनमधले आणून घालता येत नाहीत, कारण ते त्या त्या चिपशी बांधलेले असतात. मी या चारांच्या आणि शिवाय बूट व डीटीबीओ यांच्या प्रती काढून संगणकावर, छायाचित्रांच्या डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवल्या. फोनचे सगळे मिटवा असे एखादे बटण एखाद्या साधनात दिसले तर ते दाबू नये, याचे कारण हे चार कप्पे आहेत.

प्रत्यक्ष बसवणे त्यामानाने झटपट झाले. पोस्टमार्केटओएसचा कर्नल बूट पार्टिशनमध्ये जातो आणि बाकीची सगळी प्रणाली युजरडेटा या सर्वांत मोठ्या कप्प्यात. डीटीबीओ हा कप्पा मात्र पुसावा लागतो. त्यात उत्पादकाने आपल्या कर्नलसाठी लिहिलेली हार्डवेअरच्या वर्णनाची पुरवणी असते, आणि बूटलोडर ती नव्या कर्नलच्या वर्णनावर चिकटवू पाहतो, ज्यामुळे सुरुवातच होत नाही. जुन्या अँड्रॉइडचे सिस्टिम पार्टिशन या साऱ्यात जागच्या जागी राहते. परत जायचे झाले तर बूट आणि डीटीबीओच्या प्रती परत घालायच्या, युजरडेटा पुसायचा आणि झाले, म्हणून त्या दोन प्रती जपायच्या.

मला अडवले ते स्लॉटांनी. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत महत्त्वाच्या पार्टिशनांच्या दोन जोड्या असतात, ए आणि बी. अद्ययावतीकरण नेहमी झोपलेल्या जोडीवर होते, आणि मग फोन त्या जोडीवरून सुरू होतो. नवी जोडी चालली नाही तर बूटलोडर जुन्या जोडीकडे परततो. कल्पना सुरेख आहे. पण नवी जोडी चालली हे बूटलोडरला कळणार कसे? त्याच्याकडे प्रत्येक जोडीसाठी एक मोजणी असते, दर सुरुवातीला ती एकाने घटते, आणि कार्यप्रणालीने नीट उभे राहिल्यावर मी पोहोचले अशी नोंद करायची असते. अँड्रॉइड ती नोंद स्वतः करतो, पोस्टमार्केटओएसमध्ये क्यूबूटसीटीएल नावाचे साधन ती करते. मी पीएमबूटस्ट्रॅप हे पोस्टमार्केटओएसचे साधन वापरून स्वतःची इमेज बांधली होती आणि काटछाटीच्या हौसेत ती सेवा गाळली होती. फोन काही दिवस उत्तम चालला. मग एका सकाळी, मी काहीही बदललेले नसताना, तो सरळ बूटलोडरच्या पडद्यावर जाऊन थांबला. मोजणी शून्यावर आली होती, बूटलोडरने ती जोडी नापास ठरवली होती आणि दुसऱ्या जोडीत त्याला चालण्याजोगे काही सापडले नव्हते. पहिला दीड तास मी मेमरीच खराब झाली असे धरून चालले होते. फास्टबूटमधून ए जोडी पुन्हा सक्रिय केली तेव्हा फोन असा सुरू झाला, जणू काही झालेच नव्हते. नंतर ती सेवा लावून टाकली.

पाइनफोनच्या फेलसारखी शेवटची पायरी इथेही आहे, तिला ईडीएल म्हणतात, आणि संगणकाला फोन त्या अवस्थेत ९००८ या क्रमांकाने दिसतो. फरक असा की तिथे बोलण्यासाठी उत्पादकाची सही असलेला एक प्रोग्रॅम लागतो. तो उपलब्ध असेल तर फोन वाचतो, नसेल तर दार दिसते पण उघडत नाही. म्हणून या फोनवर बूटलोडरच्या टप्प्यांच्या पार्टिशनांना मी हात लावत नाही. आणखी दोन गोष्टी फोन खरोखर मारू शकतात. परकी प्रणाली आत असताना बूटलोडरला पुन्हा कुलूप घालणे ही पहिली: सही जुळत नाही, फोन सुरू होत नाही, आणि कुलूप काढायला आवश्यक असलेली परवानगी ज्या अँड्रॉइडमध्ये द्यायची तो आता तिथे नसतो. गूगल पिक्सेल फोनांवर आपली स्वतःची सही नोंदवून कुलूप परत घालण्याची सोय आहे आणि ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली तिचा उपयोग करते, पण ती सोय सर्रास सगळ्या फोनांत गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे काही फोनांत जुन्या आवृत्तीकडे परतायला हार्डवेअरमधूनच मज्जाव असतो. अशा फोनवर जुना कारखान्याचा संच घातला तर तो तिथेच संपतो.

हे सगळे केल्यावर हातात काय येते, याबद्दल मला कुणाला भुलवायचे नाही. बँकेची अॅप इथे चालतील असे धरून चालू नये. ज्यांना ती हवीत त्यांनी मूळ लिनक्सच्या वाटेला न जाता सायनोजेनमॉड या जुन्या प्रणालीचा वारसा २०१६च्या अखेरीस घेतलेल्या, अँड्रॉइडवर आधारलेल्या लिनिएजओएसकडे पाहावे, आणि तिथेही कुलूप काढलेला फोन काही अॅप नाकारतात हे जाणून असावे. वेड्रॉइडमधून बरीच अँड्रॉइड अॅप लिनक्सवर उघडतात, पण पाइनफोनवर तो प्रयोग एकदाच करावा आणि विसरावा. कॅमेऱ्याबद्दल न बोललेले बरे. बॅटरी मात्र पाइनफोनची झाकण उघडून बदलता येते, म्हणून मी दुसरी भरलेली जवळ बाळगते.

मिळते ते असे, की मी संगणकावरून फोनमध्ये एसएसएचने शिरते, नोंदी वाचते, एखादी सेवा आवडली नाही तर काढून टाकते, आणि अर्धवर्षाने नवी आवृत्ती आली की संगणकावर करते तसेच इथे अद्ययावतीकरण करते. वनप्लस ६ला त्याच्या उत्पादकाकडून अद्ययावतीकरण मिळणे कधीच थांबले आहे. माझ्याकडच्या फोनमध्ये मागच्या महिन्यात नवा कर्नल आला.

पाइनफोन गेल्या हिवाळ्यात मी दुसऱ्यांदा पुसला, या वेळी पोस्टमार्केटओएसच्या इन्स्टॉलरने, पूर्ण कूटबद्ध करून, आणि सोबत टो-बूटही बसवले. खाचेत आता गाण्यांचे कार्ड असते. जंपड्राइव्हचे कार्ड टो-बूटनंतर लागेनासे झाले, तरी ते मी कागदात गुंडाळून फोनच्या खोक्यात ठेवले आहे. वनप्लसच्या त्या चार कप्प्यांच्या प्रती मात्र तीन ठिकाणी आहेत, आणि छायाचित्रांची डिस्क आता फोनवर काम करताना टेबलावर नसते.